गाणे ज्यांच्याकडून घेतले, ते मनातून उतरतात तेव्हा

प्रश्न विचारणारे गृहस्थ नोकरी सांभाळून गेली बारा वर्षे ख्यालगायन शिकत आहेत. या बारा वर्षांत एका नामवंत गायकाचे गाणे त्यांनी जवळजवळ रोज ऐकले, ध्वनिमुद्रणांवरून त्यांच्या चिजा, म्हणजे बंदिशी, उतरवून घेतल्या, आलापाची त्यांची पद्धत गळ्यावर चढवली. काही महिन्यांपूर्वी त्या गायकाच्या दोन माजी शिष्यांनी, त्यांच्या घरी राहून शिकत असताना सोसलेल्या छळाची हकीकत उघडपणे सांगितली. तेव्हापासून प्रश्नकर्त्यांना ते गाणे लावले की दोन मिनिटांत बंद करावे लागते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : इतकी वर्षे मी मूर्खासारखा फसलो का, हे गाणे आता ऐकावे का, आणि गळ्यात बसलेली त्यांची गायकी काढून टाकावी का.

मी सदतीस वर्षे गाणे शिकवते आहे आणि त्याआधी अकरा वर्षे एका मोठ्या गायकांकडे शिकले. हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला आहे, आणि त्याच्याही आधी तो मला स्वतःला पडलेला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवते. तुम्ही फसला नाहीत. तुम्ही जे ऐकले ते खरोखरच तितके चांगले होते. सध्या ऐकवत नसेल तर ऐकू नका आणि त्याचा कायमचा निर्णय आज करण्याचीही गरज नाही. गायकी काढून टाकता येत नाही आणि काढू नये, परंतु ती कोणाकडून आली हे सांगण्याची आपली रीत मात्र बदलावी लागते. तुमच्या पत्रात त्या दोन शिष्यांबद्दल जेमतेम एक वाक्य आहे, आणि बाकीचे सारे पत्र त्या गायकाबद्दल आणि तुमच्याबद्दल आहे. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण मीही कित्येक वर्षे तसेच केले. पण या दुःखातून बाहेर येण्याची वाट मला त्या एका वाक्यातूनच जाताना दिसते.

हा आघात इतका खोल का जातो, हे आधी पाहू. एखाद्या कुशल शल्यचिकित्सकाची घरातली वागणूक वाईट असल्याचे कळले तर आपण हळहळतो, पण त्याने केलेली शस्त्रक्रिया खोटी होती असे आपल्याला वाटत नाही. गाण्याबाबत मात्र तसे वाटते, आणि त्याचे कारण आपल्याला लहानपणापासून मिळालेल्या शिकवणुकीत आहे. नाद हेच ब्रह्म, सूर म्हणजे ईश्वर, रियाज म्हणजे तपश्चर्या, ही भाषा आपण वर्गात पहिल्या दिवसापासून ऐकतो. गुरूचे नाव उच्चारताना कानाची पाळी धरतो. गंडा बांधताना गुळ-चणे खाऊन, दोरा मनगटावर बांधून घेऊन आपण जणू दुसऱ्या जन्माचे आईबाप स्वीकारतो. या सगळ्यातून एक समजूत नकळत पक्की होते, की ज्याचा सूर इतका निर्मळ लागतो त्याचे अंतःकरणही निर्मळ असले पाहिजे, किंबहुना अंतःकरण निर्मळ असल्याशिवाय असा सूर लागणारच नाही. मग ज्या दिवशी माणूस वेगळा निघतो त्या दिवशी आपल्याला सूरच खोटा पडल्यासारखे वाटते.

इतकी वर्षे शिकवल्यानंतर ही समजूत चुकीची आहे असे मी ठामपणे म्हणू शकते, कारण ज्याला आपण कारुण्य म्हणतो ते गळ्यातून कसे येते हे मी स्वतः शिकले आहे आणि इतरांना शिकवले आहे. दरबारी रागातला कोमल गांधार, म्हणजे उतरवलेला 'ग', घ्या. तो पेटीच्या पट्टीवर सापडत नाही. पेटीवरच्या कोमल गांधारापेक्षा तो किंचित खाली असतो, मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन त्याच्यावर उतरायचे असते, आणि रिषभाकडे झुकत त्याला अतिशय सावकाश आंदोलन, म्हणजे हेलकावा, द्यायचे असते. आंदोलन जरा घाईचे झाले की राग डळमळतो, जरा जास्त झाले की रडवेपणा येतो. श्वास पोटातून सोडायचा, आवाजाचा जोर काढून घ्यायचा, पण सुराचे वजन कमी होऊ द्यायचे नाही. हे साधायला चांगल्या विद्यार्थ्याला आठदहा वर्षे लागतात. त्या आठदहा वर्षांत कान विलक्षण हळवा होतो, शंभर माणसांच्या सभागृहात एका तानपुऱ्याची तार केसभर उतरली तरी ती टोचू लागते. हा हळवेपणा खरा असतो, परंतु तो सुरापुरता असतो. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची वेदना ओळखण्याचे शिक्षण या तालमीत कुठेच दिले जात नाही. ते ज्याला मिळते त्याला ते घरातून, आईकडून, कधी आयुष्याने दिलेल्या धक्क्यांतून मिळते, आणि ज्याला मिळत नाही तो दरबारी तेवढाच सुंदर गातो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. 1984 सालच्या हिवाळ्यात मी माझ्या गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी गेले होते. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत मी तानपुरा जुळवत होते. मिरजेच्या कारागिराने नुकतीच जवारी काढून दिलेला, म्हणजे नाद झणकारावा म्हणून घोडी घासून दिलेला, तो तानपुरा होता, आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तारेचा नाद सारखा बिघडत होता, म्हणून मी तारेखालचा जवारीचा दोरा पुढेमागे सरकवत बसले होते. गुरूंच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे काकी म्हणत असू, त्यांनी थर्मासमधून कपात गरम पाणी ओतून दिले. गुरुजींनी एक घोट घेतला, पाणी पुरेसे गरम नाही असे म्हणाले, आणि ते पाणी काकींच्या तोंडावर फेकले. कप भिंतीवर आपटून फुटला. काकींनी पदराने आधी जमीन पुसली आणि मग तोंड. तबलजींनी मान खाली घालून तबल्याचे गट्टे ठोकणे चालू ठेवले. मी दोरा सरकवत राहिले. काचा गोळा करायलाही उठले नाही, कारण तार नुकती जुळत आली होती.

वीस मिनिटांनी पडदा वर गेला. त्या रात्री गुरुजींनी दरबारी गायला, आणि मी आजवर ऐकलेल्या दरबारींमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा आठवत नाही. गांधारावर ते पहिल्यांदा थांबले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी डोळ्यांना रुमाल लावला. काकी त्यांच्याच शेजारी बसल्या होत्या आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान डोलावत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, आणि ते काकींसाठी आलेले नव्हते, गांधारासाठी आलेले होते. या गोष्टीने मला पुढे कित्येक वर्षे छळले आहे. तो अपवाद नव्हता हेही सांगितले पाहिजे. त्या घरात हात उगारणे, उपाशी ठेवणे, चारचौघांत मानहानी करणे हे नेहमीचे होते, आणि आम्ही सर्व शिष्य त्याला 'गुरुजींचा स्वभाव' म्हणत असू.

हा शब्द आमच्या तोंडी इतक्या सहज आला त्याला कारण आहे. आमच्या क्षेत्रात गुरूच्या रागाच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात. मैहरचे थोर सरोदवादक आणि गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेब यांच्या संतापाच्या गोष्टी आम्ही विद्यार्थिदशेत एकमेकांना रंगवून सांगत असू. त्यांचा मुलगा, पुढे विख्यात सरोदवादक झालेला अली अकबर, याला रियाजात चुकल्याबद्दल झाडाला बांधून ठेवल्याची गोष्ट तर प्रत्येकाला पाठ होती. ती सांगून झाल्यावर कोणी तरी म्हणायचेच, 'म्हणून तर अली अकबर घडले.' झाडाला बांधलेल्या मुलाच्या जागी उभे राहून ती गोष्ट कधी सांगितली गेली नाही. खाँसाहेबांचे संगीतातले ऋण प्रचंड आहे आणि त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण ही गोष्ट आम्ही ज्या सुरात सांगत आलो त्या सुराने पुढच्या कितीतरी गुरूंना परवाना दिला, हेही खरे आहे. मार हा प्रसाद मानायला शिकलेल्या शिष्याला छळ म्हणजे काय हे ओळखताच येत नाही. ज्या दोन शिष्यांबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यांना बोलायला इतकी वर्षे का लागली, असा प्रश्न अनेकांनी विचारला असेल. त्याचे एक उत्तर हे आहे.

आपल्याकडच्या कलावंतांबद्दल बोलताना प्रत्येक जण लगेच कोणत्या तरी घराण्याच्या बाजूने उभा राहतो, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना एक दूरचे उदाहरण घेते. ते जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नर यांचे आहे. तिथे काय घडले याबद्दल वाद नाही, कारण पुष्कळसे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1839 साली कर्जदारांना चुकवून ते रीगा शहरातून निसटले आणि पॅरिसला आले. तिथल्या हलाखीच्या दिवसांत त्या काळचे यशस्वी ऑपेराकार मायरबेअर यांनी त्यांना मदत केली. 1842 मध्ये ड्रेस्डेनला वाग्नर यांचा पहिला मोठा यशस्वी ऑपेरा रंगमंचावर आला त्यामागे मायरबेअर यांची शिफारस होती. मायरबेअर ज्यू होते. आठ वर्षांनी, 1850 मध्ये, वाग्नर यांनी टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात ज्यू माणसाला खरे संगीत निर्माण करताच येत नाही असे प्रतिपादन केले, आणि नाव न घेता मायरबेअर यांच्यावरही विखारी हल्ला चढवला. तारुण्यातला अविचार म्हणून तो सोडून देता येत नाही, कारण 1869 मध्ये त्यांनी तोच निबंध वाढवून, या वेळी स्वतःच्या नावाने पुन्हा छापला.

घरातली वागणूकही वेगळी नव्हती. हान्स फॉन ब्यूलो हे त्यांचे निष्ठावंत अनुयायी आणि त्या काळचे अग्रगण्य वाद्यवृंदसंचालक. ब्यूलो यांच्या पत्नी कोझिमा यांच्यापासून वाग्नर यांना 1865 च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, आणि तिचे नाव ठेवले गेले ईझोल्डे. दोनच महिन्यांनी, 10 जून 1865 रोजी, म्यूनिकमध्ये 'ट्रिस्टान आणि ईझोल्डे' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला आणि त्याचे संचालन ब्यूलो यांनी केले. या ऑपेराच्या पूर्वरंगातल्या पहिल्याच स्वरसंघाने युरोपीय संगीताची दिशा बदलली असे त्या संगीताचे जाणकार मानतात. मी काही त्या संगीताची अभ्यासक नाही, पण तो पूर्वरंग ऐकला आहे. समेवर येता येता प्रत्येक वेळी सम लांबवत नेल्यासारखी जी तगमग त्यात आहे, ती ख्याल ऐकणाऱ्या कानालाही सहज कळते.

या कथेतले माझ्या मनात घर करून राहिलेले माणूस म्हणजे हेर्मान लेवी. ते एका रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मोपदेशकाचे चिरंजीव. 1882 साली जर्मनीतल्या बायरॉइट गावी 'पार्सिफाल' या वाग्नर यांच्या शेवटच्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्याचे संचालन लेवी यांनी केले, कारण म्यूनिकचा राजवाद्यवृंद त्यांच्या हाताखाली होता आणि बव्हेरियाचे राजा लुडविग यांनी तो वाद्यवृंद लेवींसह दिला होता. लेवी यांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नर त्यांच्या मागे लागले होते. ज्यू माणसाच्या हातून हे पवित्र काम करवून घेऊ नये, असे सांगणारे एक निनावी पत्र वाग्नर यांच्याकडे आले, तेही त्यांनी लेवींना वाचायला दिले. लेवी अपमानित होऊन गाव सोडून गेले आणि मग परत आले. 1883 मध्ये वाग्नर वारले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये ते होते. पूर्वी मला लेवींचा राग यायचा. आता त्यांच्याबद्दल वाचताना मला आमच्या मागच्या खोलीतले तबलजी आठवतात, काकी आठवतात आणि दोरा सरकवत बसलेली मी आठवते. ज्याने दुखावले त्याच्याच कलेवर ज्याचा जीव जडलेला आहे, त्या माणसाची कोंडी बाहेरून दिसते तितकी सोपी नसते.

पुढची गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तेव्हा त्या वेळच्या पॅलेस्टाइनमधल्या वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमातून वाग्नर यांची रचना काढून टाकली. हाच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला. तिथे वाग्नर न वाजवण्याचा कायदा कधीच झाला नाही. तो एक संकेत होता आणि बहुतांशी पाळला गेला. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता या वाद्यवृंदाचे प्रमुख असताना, 1981 मध्ये तेल अवीवला त्यांनी मुख्य कार्यक्रम संपल्यावर, ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी जावे असे सांगून वाग्नर वाजवायला घेतले. तेव्हा सभागृहातल्याच एका कर्मचाऱ्याने मंचापाशी येऊन सदरा उघडला आणि अंगावरचे व्रण दाखवले. त्यानंतर वीस वर्षांनी, 7 जुलै 2001 रोजी, जेरुसलेममध्ये डॅनियल बारेनबोइम यांनी ठरलेला कार्यक्रम संपवून श्रोत्यांनाच विचारले. सुमारे अर्धा तास वादविवाद झाला, काही जण ओरडत, दारे आपटत बाहेर गेले, बरेच थांबले, आणि मग ट्रिस्टानचा पूर्वरंग वाजवला गेला.

या साऱ्या वादात वाग्नर यांचे संगीत चांगले की वाईट हा मुद्दा कोणी काढला नाही, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. छळछावण्यांमधून वाचलेली माणसे त्या देशात जिवंत होती, आणि त्यांच्या कानावर हे सूर त्यांच्या इच्छेविरुद्ध पडावेत का, हा मुद्दा होता. घरी कोणी वाग्नरची तबकडी लावली तर त्याला हरकत नव्हती. मला हा भेद फार उपयोगी पडला आहे. एकट्याने ऐकणे हा तुमचा आणि तुमच्या मनाचा प्रश्न आहे. जाहीर गौरव करणे, मंच देणे, गुरुपौर्णिमेला तसबिरीला हार घालणे, ही वेगळी कृत्ये आहेत, आणि त्यांचा निर्णय करताना पहिली दखल ज्यांना इजा झाली त्यांची घेतली पाहिजे.

इथे एक सावधगिरीही सांगते, कारण आपल्याकडे इजा आणि लोकापवाद यांची सरमिसळ फार होते. बालगंधर्वांचे उतारवयातले गोहरबाई कर्नाटकी यांच्याबरोबरचे सहजीवन अनेक रसिकांना सहन झाले नाही. त्या पिढीतल्या जुन्या लोकांकडून मी जे ऐकले त्यात पत्नी लक्ष्मीबाईंच्या दुःखाबद्दलचे शब्द थोडे होते. गोहरबाई कोणत्या धर्माच्या आणि कोणत्या घरातल्या याबद्दलचे पुष्कळ होते. असा भ्रमनिरास हा कलावंताच्या दोषापेक्षा श्रोत्याच्या पूर्वग्रहाचा असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की मन विटले तर आधी विचारा, या वागण्याने कोणाचे नुकसान झाले. नाव घेता येईल असा माणूस समोर आला तर गोष्ट गंभीर आहे. तुमच्या बाबतीत ती गंभीर आहे.

ते गायक हयात आहेत आणि अजून शिकवतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न वाग्नर यांच्यापेक्षा किंवा माझ्या दिवंगत गुरूंपेक्षा वेगळा ठरतो. मृत माणसाच्या गाण्याने आता कोणाला नवी इजा होणार नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत आपली भक्ती हे त्याचे बळ असते. मैफलीला झालेली गर्दी, आयोजकांनी दिलेली बिदागी, नव्या मुलांना 'त्यांच्याकडेच शीक' म्हणून दिलेला सल्ला, या सगळ्यांतून त्याच्या घराचे दार आणखी एका विद्यार्थ्याला उघडते. म्हणून त्यांच्या मैफलीचे तिकीट न काढणे आणि कोणालाही त्यांच्याकडे न पाठवणे, एवढे तुम्ही आजच ठरवू शकता. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र जाहीर लिहिताना किंवा बोलताना जे आरोप आहेत त्यांना आरोपच म्हणा आणि ऐकीव गोष्टींची भर घालू नका. तशी भर पडली तर त्याचा पहिला फटका त्या दोन शिष्यांच्या विश्वासार्हतेला बसतो.

संस्था काही करू शकत नाहीत, हे मला मान्य नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये, शास्त्रीय संगीतातल्या स्त्रियांनी उघडपणे बोलायला सुरुवात केल्यावर, चेन्नईच्या म्यूझिक अकादमीने डिसेंबरच्या आपल्या महोत्सवातून सात कलावंतांना वगळले. कर्नाटक संगीतात त्या मंचाचे जे स्थान आहे ते लक्षात घेतले तर ही पायरी किती मोठी होती हे कळेल. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे, आणि त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते आणि सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर 2012 च्या बालसंरक्षण कायद्यानुसार ज्याला ते कळले त्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. हे तपशील गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाला आणि विशेषतः आईवडिलांना माहीत असावेत, कारण आपली तालीम बहुतेक वेळा गुरूच्या राहत्या घरी, दार लावून, इतर कोणी नसताना होते. मी माझ्या वर्गात गेली वीस वर्षे एक साधा नियम पाळते : शिकवण्याच्या खोलीचे दार उघडे असते आणि शिष्याबरोबर कोणी येऊन बसले तर त्याला ना नाही. काही ज्येष्ठांना हे अपमानास्पद वाटले. मला त्यात अपमान दिसत नाही.

त्या दोन शिष्यांशी तुमची ओळख असेल, किंवा ओळखीचे कोणी मध्ये असेल, तर त्यांना दोन ओळी लिहा. तुमच्या भ्रमनिरासाबद्दल त्यात काहीही लिहू नका. तुमचे म्हणणे वाचले, त्यावर माझा विश्वास आहे, एवढेच लिहा. बोलल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत या मुलांच्या मैफली बंद होतात, साथीदार फोन उचलत नाहीत, गुरुबंधू बोलेनासे होतात; हे मी जवळून पाहिले आहे. त्यांचे गाणे असेल तिथे जाऊन पुढच्या रांगेत बसा. ही सूचना भ्रमनिरासावर उपाय म्हणून केलेली नाही. पण ज्यांनी हे केले त्या माझ्या विद्यार्थ्यांच्या मनातली ती घुसमट लवकर निवळली, एवढे मी पाहिले आहे.

आता गायकीबद्दल. बारा वर्षांत तुमच्या गळ्यात जे बसले आहे ते स्नायूंच्या सवयीत बसले आहे. आलापात विशिष्ट ठिकाणी श्वास तोडणे, मुखडा, म्हणजे चिजेची सुरुवातीची ओळ, पकडताना शब्द किंचित आधी उचलणे, गांधाराला दिलेला तो हेलकावा, हे तुम्ही ठरवून काढायला गेलात तर उरलेले गाणेही उसवेल. एका विद्यार्थिनीने असा प्रयत्न माझ्या समोर केला, आणि वर्षभर तिचा सूर डळमळीत राहिला. शिवाय ही गायकी एकट्या त्या गायकाची कधी नव्हती. त्यांना ती त्यांच्या गुरूंकडून मिळाली, त्या गुरूंना आणखी कोणाकडून. अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीले यांच्या दरबारातल्या नियामत खाँ यांनी सदारंग या नावाने रचलेल्या चिजा आपण आजही गातो. मुद्रा, म्हणजे चिजेत गुंफलेले रचनाकाराचे नाव, आपल्या ओठांवर असते, पण तो माणूस घरात कसा वागत होता हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ती चीज आपल्यापर्यंत आणणाऱ्या मधल्या दहाबारा गळ्यांपैकी कोण कसे होते हेही ठाऊक नाही. त्यात सज्जन असतील, क्रूर असतील, क्रूरपणा सोसून गात राहिलेलेही असतील.

मी काय करते ते सांगते. माझ्या गुरूंकडून आलेली चीज शिकवताना मी त्यांचे नाव सांगते, कारण चीज कुठून आली हे लपवणे ही विद्येशी केलेली अप्रामाणिकता होईल. नाव सांगताना मी कान धरत नाही. विद्यार्थ्याने कारण विचारले आणि तो समजण्याच्या वयाचा असेल तर मागच्या खोलीतली हकीकत सांगते. त्यांची तसबीर माझ्या वर्गात नाही. त्यांची ध्वनिमुद्रणे आहेत, आणि ती मी गांधार कसा लावावा हे दाखवण्यासाठी लावते. त्यांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला मी जात नाही. हे सारे जुळवून आणायला मला पंधरा वर्षे लागली, आणि अजूनही एखाद्या रात्री ते ध्वनिमुद्रण मला पूर्ण ऐकवत नाही. तेव्हा मी ते बंद करते. तुम्हीही तसेच करा. आणि सहा महिने ते गाणे न लावता नुसता तानपुरा छेडून त्यांच्या एकदोन चिजा स्वतः गाऊन पाहा. त्या वेळी कानात त्यांचा आवाज येतो की तुमचा, हे ऐका.

गुरुजी गेल्यानंतर चार वर्षांनी मी काकींना भेटायला गेले. त्यांच्या घरात रेडिओ होता आणि त्या तो दिवसभर ऐकत असत, पण गुरुजींच्या ध्वनिफिती कपाटात कुलूपबंद होत्या. मी त्या हिवाळ्याबद्दल बोलायला सुरुवात केली, काचा उचलायला मी उठले नाही याची माफी मागितली. त्यांनी हातानेच पुरे म्हणून खूण केली आणि त्या रात्रीची दरबारीतली ती चीज म्हणून दाखवायला सांगितली. मी तानपुऱ्याशिवायच, हलक्या आवाजात म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "तिथला शब्द चुकलाय तुझा. तेही तिथे चुकायचे. त्यांचे गुरू खाँसाहेब त्यांना शिकवायला घरी यायचे ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात असायची. मी नीट ऐकलंय." मग त्यांनी तो मूळ शब्द सांगितला. त्याने ओळीचा अर्थ लागला, आणि मात्राही सरळ बसल्या. तेव्हापासून ती चीज मी त्या शब्दाने शिकवते आणि गुरुजींच्या नावापाठोपाठ काकींचेही नाव सांगते.